कार्बोरेटरच्या सुईला चिकटलेलं तेल

मागच्या आठवड्यात फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, ते मोटरसायकल बिघडवणारे आजोबा अजून आहेत का गं?" आणि मागून थोरला हसल्याचं ऐकू आलं. तुम्ही इथे आला होतात त्या मे महिन्यात आजोबांनी तुम्हाला ती हकिकत सांगितली होती. त्यानंतर निघताना तुम्ही चुलत आजोबांच्या पाया पडायला गेला नाहीत. लहान होतात, तुमचा दोष नाही. पण ती हकिकत अर्धी आहे. उरलेली अर्धी दोघांनाच माहीत होती, तुमच्या चुलत आजोबांना आणि मला. ज्यांच्यासाठी ती झाकून ठेवली ते तुमचे आजोबा आता नाहीत. म्हणून बसून क्रमाने लिहिते.

आधी मोटरसायकलबद्दल. ती दोन स्ट्रोकची होती, तुमच्या बाबांहून वयाने थोडीच लहान. आजोबा पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते आणि जिल्ह्यातली बरीच गावं त्यांनी तिच्यावरून पालथी घातली. वैभववाडीला बदली होती तेव्हा ते तिच्यावरून घाट चढत. वाटेत बंद पडली तर ढकलत आणायची नाही, जागेवर दुरुस्त करायची, हा त्यांचा हट्ट. घर मासेमाऱ्यांचं. वडिलांनी थोरल्याला शिकवलं आणि धाकट्याला होडीवर घेतलं. त्यावरून दोघा भावांत कधी वितुष्ट आलं नाही. मी बेळगावची, इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न होऊन वेंगुर्ल्याजवळच्या या गावात आले आणि हायस्कूलात इंग्रजी शिकवू लागले. पहिल्या वर्षी मला घरातली मालवणी निम्मीच कळायची. उरलेली निम्मी धाकटे दीर हळू आवाजात समजावून सांगायचे. तेच तुमचे चुलत आजोबा.

आजोबा निवृत्त झाले आणि दोन हजार सालानंतर केव्हातरी त्यांचं विसरणं सुरू झालं. बाजारात जायचे आणि कशाला आलो ते न आठवल्यामुळे पोस्टात बसून परत यायचे. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव त्यांना आठवेना. कुडाळच्या डॉक्टरांनी वयाचा दोष म्हणून सांगितलं, पण आजोबांच्या वडिलांची शेवटची वर्षं आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. ते स्वतःच्या घरात बसून "माका घराक सोडा" म्हणत. आजोबांना त्याच गोष्टीची भीती होती. ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली, मोटरसायकल पुसता पुसता.

"गो, जोपर्यंत माका कार्बोरेटर खोलून परत लावूक येता, तोपर्यंत माझा डोक्या जाग्यार आसा. ज्या दिवशी जमाचा नाय, त्या दिवशी माका सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं.

"तुका नसात कळत. माका कळात."

म्हणून त्या वर्षी श्रावणात जे झालं ते आमच्या घरात नुसतं गाडीचं दुखणं राहिलं नाही.

पावसाळ्यात आजोबा गाडी बाहेर काढत नसत. मे अखेरीला टाकी रिकामी करून ती पडवीत उभी करायची आणि श्रावणात पाऊस जरा ओसरला की काढायची, अशी रीत. त्याही वर्षी त्यांनी ती काढली, पेट्रोल भरलं, आणि लाथ मारायच्या आधीच कार्बोरेटरच्या खालच्या बारीक नळीतून पेट्रोल गळायला लागलं. थेंब थेंब नव्हे, चांगली धार.

हे का होतं ते तुम्हाला सांगते, कारण मला त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं की झोपेतही म्हणता येईल. तुमच्याकडे संडासातल्या फ्लशच्या टाकीत पाणी भरलं की एक तरंगता गोळा वर येतो आणि पाणी बंद करतो. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतही तसाच एक पितळी फ्लोट असतो. पेट्रोल भरलं की तो वर उचलला जातो आणि एका छोट्या सुईला ढकलून वरून येणारं पेट्रोल बंद करतो. सुई नीट बसली नाही तर पेट्रोल येतच राहतं आणि जादाचं नळीतून खाली सांडतं. एवढंच. सुई का बसत नाही, ते शोधायचं असतं.

आजोबांनी आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच टकटक केली. धार थांबली. "कचरो अडाकलो होतो," म्हणाले. दुपारी जेवून उठतो तर पडवीभर वास. मी देवापुढची समई विझवली आणि पडवीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट घेऊन ते गाडीशेजारी बसले. जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक भाग काढून ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडला. कामाची ही शिस्त मला त्यांच्यात पहिल्यापासून आवडायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते आणि, खरं सांगते, माझ्या हातातली डाळ निवडायची राहून गेली होती. वाटी, फ्लोट, फ्लोटची पिन, सुई. त्यांनी सुई पुसली, तिची बैठक फुंकून साफ केली आणि उलट क्रमाने सगळं बसवलं. एकदाही अडले नाहीत. पेट्रोलचा कॉक उघडला. थेंबही नाही.

"बघलंस?" म्हणाले.

त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मी लिहीत नाही. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागितला आणि माझ्या बहिणीचं नाव आपण होऊन घेतलं.

सकाळी गाडीखाली थारोळं होतं.

चुलत आजोबा रोज सकाळी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी बघून येताना आमच्या पायरीवर बसून चहा घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी थारोळ्याकडे बघून म्हटलं, "दादा, माझ्या होडयेत पाणी भितर येता, तुझ्या गाडयेतसून पेट्रोल भायर जाता. अदलाबदल करूया काय?"

"तू होडी चलय," आजोबा म्हणाले. "हेतूर तुका अक्कल नाय."

"अक्कल होडयेपुरतीय नाय, वयनीक इचार."

आजोबा हसले. पण पाट ओढून पुन्हा बसले आणि तेव्हा त्यांच्या हातात कालचा सहजपणा नव्हता. त्यांना वाटत होतं की काल आपल्या हातून काहीतरी उलटसुलट झालं. पुन्हा सगळं उघडलं. मला कढत पाणी आणायला सांगितलं आणि फ्लोट त्यात बुडवून धरला. फ्लोटला भोक असेल तर आतली हवा तापून बुडबुडे येतात. बुडबुडे आले नाहीत. तो कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल खळखळत नव्हतं. मग माझं भिंग घेऊन सुईचं टोक तपासलं. टोक झिजलं की त्यावर अंगठीसारखी रेघ उमटते. रेघ होती, अगदी पुसट.

"ह्याच," म्हणाले. "सुई गेली."

बाजारातल्या मेकॅनिककडून नवी सुई आली. तो स्वतःच घेऊन आला, आजोबांना मानायचा. नवी सुई घातली, एक दिवस बरा गेला, आणि पुन्हा धार. मेकॅनिक म्हणाला पेट्रोलात रॉकेल आहे. पेट्रोल काढून टाकलं, दुसऱ्या पंपावरून आणलं. पुन्हा तेच. सुई काढली की तिच्या टोकावर तपकिरी, चिकट काहीतरी दिसायचं. पुसलं की एक दिवस बरा जायचा. मेकॅनिक म्हणाला दोन स्ट्रोकच्या ऑइलचा तो चिकटा असेल, आणि बशीतला चहा फुंकता फुंकता त्याने सहज म्हटलं, "काका, फ्लोट उलटो तर नाय लावलात मा? वय झाला की व्हता तसा."

तो चेष्टेत म्हणाला.  पण दुसऱ्या दिवसापासून कार्बोरेटर उघडायचा असला की ते मला शेजारी उभं करू लागले.

"मी पिन घातलंय मा?"

"घातलीत."

"तू बघलंस मा?"

"पाहिलं."

"मगे गळता कित्याक?"

 ते जेवायचे कमी झाले. गाडी पुसायचे थांबले. एकदा मी हायस्कूलातून परतले तर ते पाटावर बसून होते, सुई तळहातावर घेऊन, आणि ती कुठे बसवायची हे आठवत होते की नुसतेच बसले होते हे मला कळलं नाही. मी आत गेले आणि भांड्यांचा आवाज केला. थोड्या वेळाने पान्याचा आवाज आला तेव्हा मी श्वास सोडला.

याच दिवसांत एकदा चुलत आजोबांनी चाचरत विचारलं, "दादा, टाकयेत काय आसात काय रे?"

"टाकयेत पेट्रोल असता," आजोबा खेकसले. "होडी न्हय ती."

चुलत आजोबा चहा संपवून उठले.

पण आजोबांच्या डोक्यात तो प्रश्न राहिला असावा. दोन-तीन दिवसांनी सकाळी त्यांनी मला आणि चुलत आजोबांना समोर बसवलं आणि एखाद्या वर्गाला समजवावं तसं समजावलं. सुई नवी. फ्लोट चांगला. पेट्रोल बदललं. वाटी दर वेळी स्वच्छ. तरी सुईवर चिकटा येतो. म्हणजे तो वाटीत तयार होत नाही, वरून येतो. वर काय आहे? नळी, कॉक आणि टाकी. नळी नवी घातली, कॉक साफ केला. उरली टाकी.

त्यांचा तर्क अगदी बरोबर होता. त्या माणसाचं डोकं त्या सकाळी माझ्यापेक्षा नीट चालत होतं.

त्यांनी टाकीचं झाकण काढलं आणि आत बॅटरीचा झोत टाकला. टाकीच्या आतल्या भिंतींवर तपकिरी साय धरली होती. काही ठिकाणी ती पेट्रोलने सुटून सुरकुतली होती, दुधावरची साय ढवळल्यावर होते तशी. तारेचा आकडा करून त्यांनी एक तुकडा बाहेर काढला, बोटांत चोळला आणि नाकाला लावला.

"ह्या काजूचा तेल," म्हणाले.

काजूच्या टरफलांतून एक काळपट तेल निघतं. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांतून त्याचे डबे मिळतात. पावसाआधी होड्या ओढून वर घेतल्या की आमच्याकडे ते लाकडाला चोपडतात, म्हणजे पाणी मुरत नाही आणि कीड लागत नाही. लावलं की काही दिवसांत ते कडक होतं. पण ओलं असताना कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. चुलत आजोबांचा डबा दरवर्षी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, असायचा, कारण होडी रंगवायला दोघे भाऊ मिळून बसत.

आणि त्या वर्षी मृगाच्या सुरुवातीला तुमच्या आजोबांच्या बोटांची सालं निघाली होती. मी रोज खोबरेल लावत होते. कशाने झालं विचारलं तर ते म्हणाले होते, "खंयचा तरी झाड लागला असात." त्या सकाळी टाकीशेजारी उभी असताना माझी नजर त्यांच्या बोटांवर गेली. नव्या कातडीचा रंग अजून वेगळा दिसत होता. मी नजर वर केली तर चुलत आजोबा माझ्याकडे बघत होते. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं.

"कोणी घातल्यान ह्या?" आजोबा म्हणाले. माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. ते खरोखर विचारत होते. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

 मग चुलत आजोबांनी कप खाली ठेवला.

"मी घातलंय, दादा."

"तू?"

"होडयेक लावन उरला होता. माका वाटला टाकी गंजता, तर आतसून लावया."

"कोणाक इचारून?"

"कोणाक नाय."

पहिल्यांदा आजोबांच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. आधी त्यांचे खांदे खाली आले. पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा त्यांनी श्वास घेतला. ते माझ्याकडे वळून हसले आणि म्हणाले, "आणि मी समाजत होतंय, माझा डोक्या गेला!" मग राग आला.

"मेल्या, पेट्रोल म्हणजे दर्याचा पाणी वाटला तुका? लाकूड आणि लोखंड एक काय रे? पेट्रोलात ह्या इरघळता, एवढा म्हायत नाय? जल्मभर होडयेत बसलंस, अक्कल थयच बुडयलंस?"

"चुकला, दादा."

"चुकला! म्हयनोभर मी हयसर सुई पुसतंय, आणि हो रोज येता, चाय पिता, चेष्टा करता, आणि तोंड उघडना नाय! ऊठ. माझ्या पायरेर बसा नको."

चुलत आजोबा उठले. मी त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले.

"तुम्ही घातलं नाहीत," मी म्हटलं.

"नाय."

मग त्यांनी सांगितलं. मे अखेरीला होडी चोपडून झाली, तळाशी थोडं तेल उरलं. दादाने रिकामी टाकी काढून आणली आणि ते तेल आत ओतून ती गरागरा फिरवली. खाऱ्या हवेने टाकी आतून गंजते, होडीला चालतं ते हिला का चालू नये, असं म्हणाला. "मी म्हटलंय, दादा, पेट्रोलात ह्या ऱ्हवात काय? तर तो म्हणालो, ऱ्हवात. तेका गाडयेतला सगळा कळता, मी काय बोलतलंय? मगे गळूक लागला तेव्हा माका वाटला, तेका आठवत असात. टाकयेचा इचारलंय, तेव्हा कळला, आठवणा नाय."

"आपण त्यांना सांगायला हवं."

"नको वयनी. तेका म्हायत नाय, ह्याच तर दुखणा. माझ्यार रागावांदे. सोताच्या डोक्यार नको रागावांदे." मग जरा हसून म्हणाले, "आठ दिवसांनी तो विसरतलो. सगळा विसरता, ह्या कित्याक विसराचो नाय?"

हे मला पटलं. आम्ही दोघांनी त्या विसरण्यावर भरवसा ठेवला. जे त्यांना गिळत होतं तेच हा राग पण गिळून टाकील, असं आम्ही धरून चाललो.

भंगारवाल्याकडून दुसरी टाकी आली आणि गळती कायमची थांबली. आजोबा पुन्हा गाडी चालवू लागले. आपलं डोकं जागेवर आहे याचा पुरावाच मिळाला होता, तेव्हा कोण अडवणार? ते पूर्वीपेक्षा लांब जाऊ लागले.

चतुर्थी आली. आमच्या घरचा गणपती सगळ्या भावकीचा. धाकट्या भावाने मूर्ती डोक्यावरून आणायची आणि थोरल्याने पुजायची, असं वडिलांच्या वेळेपासूनचं. आदल्या दिवशी आजोबांनी निरोप पाठवला की त्याने येऊ नये. मूर्ती शेजाऱ्याने आणली. पाच दिवस माझी जाऊ एकटी येऊन मोदकांना बसली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिलाही खरं सांगितलेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी पीठ मळता मळता एवढंच म्हणाली, "गाडयेपायी भावाक देवाकडसून भायर घातल्यात. बरी तुमची शिकलेल्यांची रीत." मी मान खाली घालून मोदक वळत राहिले.

होड्या समुद्रात गेल्या. दर वेळी पहिला वाटा आमच्याकडे यायचा, तसा आला. आजोबांनी टोपली उचलून खळ्यात उपडी केली. मांजरांनी बांगडे नेले. किनाऱ्यावर तोपर्यंत बातमी पसरली होती आणि होडीवरचे लोक चुलत आजोबांना "ओ मेकॅनिक" म्हणून हाक मारू लागले. "मेकॅनिक, माझ्या इंजिनाक वाईच तेल लावन दी रे!" त्यांचे स्वतःचे मुलगे हसायचे. तेही हसायचे.

आठ दिवस गेले, महिना गेला. आजोबा शेजाऱ्यांची नावं विसरले, जेवलो की नाही ते विसरले, चष्मा डोळ्यांवर असताना शोधू लागले. टाकीतलं तेल विसरले नाहीत. उलट रोज सांगत. ज्या माणसाला सकाळचं दुपारी आठवत नव्हतं तो कढत पाण्यात बुडवलेला फ्लोट, सुईवरची पुसट रेघ, मेकॅनिकने बदललेलं पेट्रोल, सगळं जागच्या जागी ठेवून सांगायचा.

शेवटी दिवाळीनंतर मी चुलत आजोबांचं न ऐकता त्यांना सांगून टाकलं. दुपार होती, दोघेच होतो. म्हटलं, "ते तेल तुम्हीच घातलं होतं. तुमच्या बोटांची सालं निघाली होती, आठवतं? भाऊजींनी तुमच्यासाठी आपल्यावर घेतलं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पोचलं.

"तुकाय पढवल्यान तेणी?" म्हणाले. त्यानंतर काही दिवस ते माझ्या हातचा चहासुद्धा संशयाने घेत. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते बँकेत जातो म्हणून निघाले आणि संध्याकाळपर्यंत आले नाहीत. बँक आमच्या बाजारात, चालत जाण्याइतकी जवळ. ते सापडले रेडीच्या रस्त्यावर, बंदराकडे खनिज नेणाऱ्या ट्रकांच्या रांगेत. तिथल्या चहावाल्याने त्यांच्या खिशातला नंबर बघून फोन केला. माझ्याजवळ दुसरं कोण होतं? मी चुलत आजोबांना पाठवलं. ते जीप करून गेले. आजोबा लाल धुळीने माखून मोटरसायकलवर बसून होते, पुढचा ट्रक हलला की आपणही थोडं पुढे सरकायचे. भाऊ दिसल्यावर त्यांनी जीपमध्ये बसायला नकार दिला. "हेच्यावांगडा येवचंय नाय. हेणी माझी गाडी मारल्यान." भर रस्त्यात, ट्रकवाल्यांसमोर. शेवटी जीपवाल्याने त्यांना पुढे बसवून आणलं, आणि चुलत आजोबा मागून आले ती मोटरसायकल हळूहळू चालवत. त्यांना ती धड चालवता येत नव्हती.

तुमचे बाबा रजा काढून आले आणि गाडी विकली. ती नेली तेव्हा आजोबा पडवीत बसले होते. कोणाची गाडी, विचारलं त्यांनी.

मग उतरणच होती. तुम्ही आलात तेव्हा त्यांना तुमची नावं सांगता आली नाहीत, पण ती हकिकत पूर्ण सांगितली. चुलत आजोबा तेव्हा फाटकाबाहेर उभे राहून तुम्हाला बघत होते. शहाळी आणली होती, ती फाटकाशी ठेवून गेले. तुम्ही आत होतात, पाणी प्यायलात. कोणी आणली ते मी सांगितलं नाही, कारण आजोबा ऐकत होते.

त्याच्या पुढच्या वर्षी, पावसाळा संपता संपता, आजोबा मलाही अधूनमधून "बाई" म्हणू लागले. एका सकाळी चुलत आजोबा नेहमीसारखे फाटकाशी येऊन मला माशांची पिशवी देत होते. आजोबा पायरीवर उन्हात बसले होते. त्यांनी हाक मारली.

"कोण रे तो? भायर कित्याक उभो? ये, बस."

चुलत आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. इतक्या वर्षांनी ते फाटकाच्या आत आले आणि आजोबांच्या खालच्या पायरीवर बसले. मी चहा आणला. आजोबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं.

"होडी आसा तुझी?"

"आसा."

"मगे तुका सांगूक व्हया. माझ्या भावाचीय होडी होती. तेणी माझ्या टाकयेत काजूचा तेल घातल्यान."

"अरे देवा," चुलत आजोबा म्हणाले.

"असलो भाव कोणाक गावा नये."

"गावा नये," चुलत आजोबा म्हणाले. कप त्यांच्या हातात तसाच होता.

"तुका भाव आसा?"

"आसा. थोरलो."

"बोलता तुझ्याशी?"

"आता बोलता."

आजोबांनी समाधानाने मान हलवली, जरा पुढे सरकले आणि फ्लोट म्हणजे काय इथपासून त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली.